येऊ द्या, येऊ द्या!

जाफराबादेत गाडी लावायला जागा नाही, असं म्हणणारा माणूस आजच गावात आलेला असतो, नाहीतर ते आमचे सर असतात. पूर्णा आणि केळना या नद्यांच्या संगमावरचं हे तालुक्याचं गाव. तहसील, पंचायत समिती, बसस्थानक, बँका, कृषी सेवा केंद्रं, आणि या सगळ्यांच्या अधेमधे भरपूर मोकळी जमीन. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीने पाहिली तर त्याच्या डोळ्यांत पाणी येईल, इतकी. तरी सरांची पांढरी वॅगनआर बँकेपासून दोन फर्लांगांवर एका बाभळीखाली उभी असते आणि सर रुमालाने मान पुसत बँकेकडे चालत येत असतात. "गाडी नाही आणली का सर?" असं विचारलं की म्हणतात, "आणली न. जरा पाय मोकळे करावं म्हटलं." गाडी घेतल्यापासून सरांचं चालणं इतकं वाढलंय की त्यांची साखर आटोक्यात आली.

हे सर म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. प्रत्येक तालुक्याच्या गावी ते असतातच. कुठे ते ग्रामसेवक असतात, कुठे शेडनेटमधल्या बियाण्यावर गाडी घेतलेले बागायतदार काका असतात. आमच्याकडे ते गणिताचे सर आहेत, म्हणून मी सर म्हणतो. जात एकच: गाडी चालवता येते, लावता येत नाही.

चालवायची भीती मात्र नाही. जालन्याहून समृद्धी महामार्गावर चढले की ताशी १२० च्या मर्यादेला काटा टेकवून सर थेट शिर्डी गाठतात. समृद्धी त्यांना मनापासून आवडतो. का, ते मला फार उशिरा कळलं. त्या रस्त्यावर गाडी उभी करायला मनाई आहे. घोर लागतो तो शिर्डी जवळ आल्यावर.

सरांचं सगळं जगणं या एका गोष्टीभोवती बेतलेलं आहे. कोणता डॉक्टर गुणाचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्नच नाही. कोणाच्या दवाखान्यासमोर गाडी सरळ आत जाऊन सरळ बाहेर निघते, हा आहे. किराणा, केस कापणं, चष्म्याचा नंबर, सगळं त्याच हिशेबाने. राजूरच्या गणपतीला अंगारकीला ते एसटीने जातात. साध्या चतुर्थीला गाडी काढतात, पण पहाटे चारला. देवळापुढे गर्दी नसते म्हणून नव्हे, पार्किंगला नसते म्हणून. लग्नाला ते नवरदेवाच्या आधी पोचतात. मंगल कार्यालयाच्या मैदानात फाटकाकडे तोंड करून गाडी लावतात, निघताना मागे घ्यायला नको. पंगती उठेपर्यंत त्यांच्यापुढे तीन बोलेरो आणि एक पिकअप लागलेली असते. मग मांडववाले खुर्च्या गोळा करायला लागल्यावर, नवरीच्या मामाच्याही नंतर, सर निघतात.

काकूंनी यावर आपला मार्ग काढलाय. ठिकाण जवळ आलं की "मी इथंच उतरते" म्हणतात, गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडतात, पदर सावरतात आणि गर्दीत मिसळून जातात. पुढची दहा मिनिटं ती गाडी आणि तिच्यातला माणूस त्यांच्या ओळखीचा नसतो.

दुखणं आहे ते गाडी मागे घेण्यात. सर आपल्या बचावासाठी इतिहास काढतात. कार्ल बेंझने १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या पहिल्या मोटारीला रिव्हर्स गिअर नव्हताच, म्हणतात. बैलगाडीलाही नसतो, बैलगाडी मागे सारायची तर जू धरून बैलांना रेटावं लागतं, आणि ते बैलांना मुळीच पटत नाही. म्हणजे मागे जाणं हे बैलालाही पटत नाही आणि बेंझलाही सुचलं नव्हतं, तर मग आपणच का, असा त्यांचा युक्तिवाद. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला पंधरावा नियमही सरांना पाठ आहे. लायसनच्या चाचणीत गाडी उलटी घेऊन मर्यादित जागेत, डावीकडे किंवा उजवीकडे, बऱ्यापैकी अचूक घालून दाखवावी, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. सर शिकले तेव्हा शेजारी बसलेल्या मास्तरच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच होता. तेव्हा गाडी कुणी उलटी घातली, यावर दोघांनीही नंतर चर्चा केली नाही.

गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्याने धीर दिला होता: "आता सेन्सर येतो न सर, टेन्शनच नाही." १ जुलै २०१९ पासून नव्या कारना मागचे सेन्सर सक्तीचे झाले आहेत, हे खरं. पण गाडी भिंतीजवळ जाते तसा सेन्सर घाईघाईने ओरडू लागतो, त्याच्या जोडीने सरांची छातीही. शिवाय त्याला भिंत आणि गाजरगवत यांतला फरक कळत नाही. आमच्याकडे श्रावणात सगळीकडे गाजरगवत. एकदा नुसत्या गवताच्या काडीला घाबरून सर एवढे पुढे आले की समोरच्या टपरीवाल्याने पटकन बरण्या आत घेतल्या.

जुन्या गावात तर ते गाडी नेतच नाहीत. तिथली मशीद औरंगजेबाच्या काळातली, १६६४ ची, तिच्यावर फारसी शिलालेख. दगडी गढी आहे, एके काळी गावाभोवती तटही होता. ज्यांनी त्या गल्ल्या आखल्या त्यांच्या डोळ्यांपुढे घोडा असणार, आणि घोडा उभ्या जागी वळतो. वॅगनआरला वळायला ४.७ मीटरची त्रिज्या लागते. हा आकडा मला सरांनीच सांगितला, आणि सांगताना चेहरा असा की यात सगळी चूक औरंगजेबाची.

गणितात ते कच्चे नाहीत. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक सायमन ब्लॅकबर्न यांनी २००९ मध्ये दोन गाड्यांच्या मधल्या फटीत आपली गाडी बसवायला किमान किती जागा लागते याचं सूत्र मांडलं. वळणाची त्रिज्या, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, पुढच्या चाकापासून नाकापर्यंतची लांबी आणि शेजारच्या गाडीची रुंदी, एवढं माहीत असलं की पायथागोरस पुढचं बघतो. सरांनी ते फळ्यावर सोडवून दाखवलं होतं. उत्तर बरोबर आलं. शाळा सुटल्यावर गाडी मात्र घंटेच्या खांबाला घासली. सूत्रात एक गोष्ट धरलेलीच नाही: रसवंतीच्या बाकड्यावरचा माणूस.

सरांनी रिव्हर्स गिअर टाकला रे टाकला की गाडीच्या मागे हा माणूस उगवतो. घटकाभरापूर्वी तो बाकड्यावर तंबाखू मळत असतो. आता तो गाडीमागे पाय फाकवून उभा असतो, दोन्ही हात आपल्याकडे ओढत असतो आणि म्हणत असतो, "येऊ द्या, येऊ द्या." त्याचं गाडीशी, सरांशी, त्या जागेशी काही नातं नसतं. बहुतेक वेळा त्याला स्वतःला गाडी येत नाही. पण मागे येणाऱ्या गाडीला "येऊ द्या" न म्हणणं हे त्याच्या लेखी दारात आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं आहे.

त्याच्या आवाजात चढउतार नसतो. भिंत दहा फुटांवर असताना जे "येऊ द्या", तेच ती एका फुटावर असताना. मग ठप्प असा आवाज होतो. आणि त्यानंतर, नेहमी त्यानंतरच, तो डिकीवर थाप मारून म्हणतो, "बास!" उभा राहतो तोही नेमका अशा जागी, जिथे तीनपैकी एकाही आरशात दिसत नाही. तेवढ्यात दुसरा येतो. पहिला सांगतो, "फुल कट मारा सर!" दुसरा ओरडतो, "सोडा, कट सोडा, सरळ घ्या!" "डावीकडं" म्हणजे सरांची डावी की सरांकडे तोंड करून उभ्या असलेल्याची, याचा निकाल लागायच्या आत तिसरा येऊन दोघांना बाजूला करतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. पलीकडे एमएच २८ ची गाडी, म्हणजे बुलढाण्याकडचा पाहुणा. त्याच्यासमोर गावाची इज्जत. शाळेची पोरं सायकली टेकवून थांबतात. "सरची गाडी फसली रे!" अख्ख्या वर्गाला ज्यांनी नुसत्या भुवईने गप्प केलं, ते सर काचेतून सगळ्यांकडे बघून हसतात. हसू नये तिथे हसतात, आणि क्लच सोडतात.

माझं मत विचाराल तर ही भीती बघणाऱ्यांची आहे. मुंबईत जागा नाही, पण बघायलाही कुणी नाही. एक शिवी हासडून माणूस पुढे निघून जातो. आमच्याकडे जागा आहे, आणि वेळही आहे. याला पुरावा आहे. रात्री साडेदहाला, गल्ली निजल्यावर, सर आपल्याच घराच्या फाटकातून गाडी एका दमात उलटी आत घेतात. दोन्ही अंगाला वीतवीतभर जागा. मी गच्चीवरून पाहिलंय. त्यांना कळू दिलं नाही, नाहीतर त्यांनी ठोकली असती.

सर सुधारले ते सोयाबीनच्या हंगामात. अडतीपुढे माल घालायला आलेला एक ट्रॅक्टरवाला, सरांचाच विद्यार्थी, दहावीला गणितात राहिलेला. त्याने भरलेली ट्रॉली दोन ढिगांच्या मधल्या बोळात सरळ उलटी घातली. ज्यांनी ट्रॉली मागे घेतलेली नाही त्यांना यातली गंमत कळायची नाही. ट्रॉलीची शेपूट उजवीकडे न्यायची तर स्टिअरिंग डावीकडे फिरवावं लागतं, आणि ती वळायला लागली की लगेच स्टिअरिंग परतवून तिच्या मागे जावं लागतं. जरा उशीर झाला तर ट्रॅक्टर-ट्रॉलीची घडीच होते. सर बघत राहिले. मग खाली उतरलेल्या त्या पोराला हळूच विचारलं, "कसं रे जमतं?"

"मला काही ऐकूच येत नाही न सर. टेप मोठा असतो."

शिकवणी त्याच्याच खळ्यावर सुरू झाली. भुसकटाने भरलेली पोती दोन रांगांत उभी केली, त्या झाल्या गाड्या. काच पूर्ण बंद, गाणं चालू. आरसा असा लावायचा की मागच्या दाराचं हँडल कोपऱ्यात दिसेल. गाडी हाफ क्लचवर, एकदम सावकाश. वळतात पुढची चाकं, म्हणून उलटं जाताना फिरायची खुंटी मागच्या चाकापाशी असते आणि नाक बाहेर फेकलं जातं. तेव्हा मागचं चाक पोत्याच्या कडेला आलं की कट मारायचा, आधी नाही, आणि एक डोळा नाकावर. सरांनी त्याला ब्लॅकबर्नचं सूत्र सांगायला घेतलं. तो म्हणाला, "ते माल विकल्यावर बघू." आणि सगळ्यात मोठी गोष्ट त्याने सांगितली ती ही: "नाही बसली तर पुढं घ्यायची न सर. पुढं घ्यायला लाज कशाची? तुम्हीच सांगायचे, उत्तर चुकलं तर पुन्हा पहिल्या पायरीपासून."

पोत्यांनंतर पोत्यांच्या जागी त्याने आपली मोटारसायकल उभी केली, हप्ते चालू असलेली. शेवटचा पेपर सर्वांत अवघड. त्याने चार दोस्त बोलावले, गाडीमागे उभे केले आणि "येऊ द्या" म्हणून बोंबलायला लावलं. दक्षिण आफ्रिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या आपल्या पुस्तकात भीती घालवायची हीच रीत सांगितली आहे: भीतीच्या वस्तूला पायरीपायरीने, मन शांत ठेवून सामोरं जायचं. आमच्या ट्रॅक्टरवाल्याने वोल्पे वाचलेला नाही. त्याच्याकडे चार दोस्त होते, तेवढ्यावर भागलं.

आता सर बाजाराच्या दिवशी भर चौकात गाडी लावतात. काच वर, आत गाणं. मागे तिघं हात हलवत असतात. सर आरशात बघतात आणि दोनदा पुढे घ्यावी लागली तर दोनदा घेतात. गाडी लागेपर्यंत काकू आतच बसून राहतात. याहून मोठं प्रशस्तिपत्रक त्यांच्या घरात आजवर कुणाला मिळालेलं नाही.

खोड मात्र मास्तरांचीच. उतरल्यावर ते आजूबाजूच्या गाड्यांकडे नजर टाकतात आणि गुण देतात. तिरपी लावलेली पिकअप, दहापैकी तीन. चाक नालीत, काठावर पास. जपानात १९६२ च्या कायद्यामुळे गाडी घेताना ती ठेवायला जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो, हे त्यांना कळल्यापासून तहसीलसमोरून जाताना ते हळहळतात: इथे एवढे दाखले मिळतात, हाच तेवढा नाही. आणि एक दुखणं ब्लॅकबर्न, वोल्पे, ट्रॅक्टरवाला, कुणालाच सुटलेलं नाही. सर गाडी कितीही सुबक लावोत, परत येतात तेव्हा तिच्या मागे हँडल लॉक केलेली एक मोटारसायकल आडवी उभी असते आणि तिचा मालक भोकरदनला गेलेला असतो.

तेव्हा जाफराबादकरांना, आणि जिथे जिथे बाकडं आहे आणि त्यावर रिकामा माणूस आहे तिथल्या सर्वांना, एक विनंती. कुणी गाडी मागे घेत असेल तर बसून राहा. बसवतच नसेल तर आरशात दिसाल असे उभे राहा, एकानेच बोला, आणि "बास" भिंतीच्या आधी म्हणा.