पगार तिजोरीतून, माहिती मात्र खासगी

तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबलेला प्राध्यापक कायम जागेसाठी मुलाखत देतो आणि निवड दुसऱ्याचीच होते. तो १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विद्यापीठाला विचारतो : निवड समितीने कोणाला किती गुण दिले? निवडलेल्याची पात्रता काय? उत्तर येतं, ‘वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही.’

हे उत्तर पूर्वीही मिळायचं, पण त्याच्याशी भांडता यायचं. २००५च्या माहिती अधिकार कायद्यातल्या कलम ८(१)(जे)मध्ये गाळणी होती. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा विनाकारण कुणाच्या खासगीपणात घुसणारी माहितीच नाकारता यायची. जे संसदेला, विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं परंतुकही होतं. त्याच कायद्याच्या बळावर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने न्यायालयीन लिपिक भरतीतल्या इतर उमेदवारांचे गुण अर्जदाराला द्यायला लावले.

नोव्हेंबर २०२५मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचं कलम ४४(३) लागू झालं. त्याने ८(१)(जे) बदललं : गाळणी गेली, परंतुकही गेलं. माहिती ‘वैयक्तिक’ आहे, एवढं म्हटलं की जन माहिती अधिकारी मोकळा.

निवडलेल्या प्राध्यापकाचा घरचा पत्ता, आजारपणाचे कागद, आधार आणि बँक खात्याचे क्रमांक झाकलेच पाहिजेत. तिथे शंकाच नको. पण तो कोणत्या पदवीवर नेमला गेला, मुलाखतीत त्याला किती गुण मिळाले, जाहिरातीतली अट तो पूर्ण करत होता का, ही त्याची घरगुती बाब कशी? अनुदानित महाविद्यालयात त्याचा पगार सरकारी तिजोरीतून निघतो. यात झाकलं जातं ते बहुतेक वेळा निवड समितीचं आणि संस्थाचालकांचं. प्राध्यापकाची अब्रू हे निमित्त.

तरी सगळंच संपलेलं नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(२) शाबूत आहे : नुकसानीपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. कलम ४ नुसार कर्मचाऱ्यांची यादी आणि मासिक वेतन विद्यापीठाने आपणहून प्रसिद्ध करायचं असतं. तेव्हा नकार आला तर घरी बसू नका. ३० दिवसांत प्रथम अपील करा, त्यात ८(२)चा उल्लेख करा आणि जनहित कोणतं ते स्पष्ट शब्दांत लिहा.