अटी व शर्तींसह शिवनेरी

टीबी झाला की माणसाला सल्ले फुकट मिळतात आणि सरकारी दवाखान्यातून गोळ्याही. गोळ्या निदान सहा महिन्यांनी संपतात. त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. तरी पहिल्या सकाळी मी मृत्युपत्राचा मजकूर मनात पक्का करूनच न्हाणीघरातून बाहेर आलो. मग अंडी, शेंगदाणे, मोडाची मटकी. एका मावशींनी गाढविणीचं दूध सुचवलं, पण मंचरात गाढवीण कोण शोधणार, यावर तो विषय मिटला.

मला मात्र गड हवा होता. पडल्यापडल्या मी छताकडे बघत चावंड चढायचो. तिथल्या पायऱ्या इंग्रजांनी 1818 साली सुरुंग लावून उडवल्या. जुन्नरच्या गडांवर एवढा राग निघाला, म्हणजे ते चढायला किती गोड असतील बघा. हे मी सौ.ला सांगितलं. तिचा राग इंग्रजांहून कमी नव्हता.

आमच्या भागात बैलगाडा शर्यतींचा घाट बंदीमुळे 2014पासून सुना पडला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2021च्या डिसेंबरात शर्यतींना परवानगी दिली, तीही अटींवर. माझा कोर्स संपला, छातीचा फोटो स्वच्छ आला, तेव्हा घरच्या खंडपीठानेही तोच पायंडा पाळला. फक्त शिवनेरी, कारण पायऱ्या आहेत. पाठीवर सॅक नाही. कानटोपी सक्तीची. जीवधन गडाचं नाव काढायचं नाही. आणि निरीक्षक म्हणून सौ. सोबत.

शिवनेरीला सात दरवाजे आहेत, शत्रूची दमछाक व्हावी म्हणून. पूर्वी मी ते पळत ओलांडायचो. आता कळलं, दम लागल्यावर चारचौघांत अब्रूने उभं राहायची याहून चांगली सोय नाही. मान वर करायची आणि कमान न्याहाळायची. छिन्नीचे घाव कुठे तिरके पडलेत, बिजागरीच्या खळग्यात पाणी साचून शेवाळ कसं धरलंय, कोरलेल्या शरभाची शेपटी नेमकी कुठे वळते, सगळं तोंडपाठ झालं. हत्ती दरवाज्यापाशी तर हत्ती इथवर चढला कसा, या प्रश्नावर मी इतका वेळ काढला की मागून आलेली कॉलेजची पोरं वही काढून उभी राहिली.

“काका, तुम्ही अभ्यासक का?”

मी नुसती मान हलवली. बोलायला श्वास कुठे होता?

“फार खोलात जातात ते,” सौ. म्हणाली. “तुम्ही व्हा पुढे.”

वर शिवाई देवीला नारळ वाढवला, गंगा-जमुना टाक्यांचं गार पाणी बघून घेतलं, पिऊ दिलं नाही. शिवजन्मस्थानाशी हात जोडले. मग टोकाला जाऊन मी पश्चिमेकडे सहज नजर टाकली.

“तिकडे काय बघताय?”

“चावंड दिसतोय का, एवढंच.”

“अपील पावसाळ्यानंतर,” असं म्हणून तिने माझी कानटोपी डोळ्यांपर्यंत खाली ओढली.