बंद पडलेलं माशांचं दुकान पाहायला जाताना: नवशिक्यांसाठी सूचना

आधी एक खात्री करून घ्या: दुकान खरंच वाऱ्यावर सोडलेलं आहे का? सांगली-साताऱ्यात असं काही नसतं. शटर गंजलंय, पाटीवरचा गोल्डफिश उन्हानं पांढरा पडलाय, कुलपाला कोळिष्टकं लागलीत, एवढ्यावर नवशिका खूश होतो. पण त्या गाळ्याला तीन भाऊ असतात, भाड्याचा एक जुना दावा असतो आणि किल्ली मिरजेच्या आत्याकडे असते. परदेशी व्हिडिओतली मुलं कुंपणावरून उड्या मारतात. आपल्याकडे उडी मारली की पलीकडे पानपट्टीवाला उभा, आणि त्याचा पहिला प्रश्न, "कुणाचा रं तू?" भारतीय न्याय संहितेचं 329 कलम त्यानंतर येतं.

म्हणून या साहसाची सुरुवात समोरच्या टपरीवर होते. दोन चहा सांगा. दुसरा मालकासाठी. तो लांब गेलेला नसतो. शेजारच्याच गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकत बसलेला असतो. सांगलीत त्याला अण्णा म्हणा, साताऱ्यात आबा चालेल. "अण्णा, जुनं दुकान जरा आतनं बघायचं हुतं." अण्णा विचारतील, कशाला? इथं "जुन्या वास्तूंची आवड आहे" असं चुकूनही म्हणू नका, बँकेचा माणूस आला अशी त्यांची समजूत होईल. "टाकी घ्यायची होती" म्हणा. किल्ली संध्याकाळपर्यंत येते. या वाक्याची किंमत पुढे मोजावी लागेल, पण ते नंतर.

सोबत गमबूट, जाड हातमोजे, नाकाला रुमाल आणि चांगली बॅटरी घ्या. मोबाईलच्या उजेडावर भागवू नका; एक हात मोबाईलला आणि एक रुमालाला गेला की घसरल्यावर धरायला हात उरत नाही. गमबूट शोभेसाठी नाहीत. ओल्या गाळात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं आणि पायाला जखम असेल तर लेप्टो तिथूनच शिरतो. कोपऱ्यात जिवंत कासव निघालं तर त्याला पिशवीत घालू नका, वन विभागाला फोन करा. देशी कासव पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, ते कितीही गोंडस दिसलं तरी.

आत गेल्यावर टाक्यांकडे धावू नका. आधी रेघा वाचा. सांगलीत हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ या बाजूचं दुकान असेल तर दोन तऱ्हेच्या रेघा दिसतील. काचेवरची पांढरी, खरखरीत रेघ टाकीतल्या पाण्याची. बोअरचं जड पाणी उडत राहतं आणि त्यातले क्षार काचेला धरून बसतात. भिंतीवरची तपकिरी, तुमच्या डोक्याच्याही वरची रेघ कृष्णेची. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फुटांची. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. 2005 ची आणि 2021 ची रेघही शोधून काढायचा मोह होईल. मधल्या काळात अण्णांनी मोठ्या उमेदीनं रंग दिलेला असतो, तेव्हा तो नाद सोडा.

आता नवशिक्याचा नेहमीचा प्रश्न: पुरात मासे बुडाले का? तो मालकासमोर विचारू नका. उत्तर तुम्हाला फुटक्या काचांवरूनच काढता येतं. भरलेली टाकी पुरात जागची हलत नाही. बाहेरचं पाणी चढत चढत काठाशी येतं, आतल्या पाण्याला मिळतं आणि मासा बिनबोभाट बाहेर पडतो. रिकाम्या टाकीचं तसं नसतं. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टाकीत सुमारे 57 लिटर पाणी मावतं. दहा-बारा किलो काचेची अशी पेटी पाण्यावर उचलली जाते, दुकानभर फिरते आणि शटरवर आपटते. म्हणजे चक्काचूर झालेल्या टाक्या बहुतेक न खपलेल्या, आणि ज्या धड उभ्या आहेत त्यांतलं गिऱ्हाईक आपल्या पायांनी, म्हणजे परांनी, गेलेलं.

साताऱ्यात कृष्णेची रेघ शोधत बसू नका. शहर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आहे, पाणी थांबत नाही, ते सांगलीला जातं. माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते, कऱ्हाडला कोयना येते, आणि म्हणून सांगलीकर पावसाळ्यात दात घासायच्या आधी कोयनेचा विसर्ग किती क्युसेक ते विचारतो. साताऱ्यातलं दुकान बंद पडण्याचं कारण मागच्या अंगणात सापडतं. तिथं फायबरचे निळे हौद एकात एक रचलेले असतात, शेजारी सिमेंटचा बगळा आणि मोटर जळालेलं कारंजं. हा माल इथं खपेल असं कुणाला वाटलं असेल? मंगळवार तळं, मोती तळं, महादरे, झालंच तर फुटका तलाव असं सगळं गावात असताना माणूस पाण्याचं डबकं विकत कशाला घेईल? जवळच लिंबला बारा मोटेची विहीर आहे, शके 1641 ते 1646 या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधलेली, पोटात महाल असलेली. ती पाहून आलेल्या गिऱ्हाईकाला तीन फुटी हौद दाखवून "गार्डन पाँड" म्हणायला छाती लागते.

हौद कोरडा दिसला तरी त्याला गरीब समजू नका. एडिस डासाची अंडी भांड्याच्या कोरड्या कडेला महिनोन्‌महिने चिकटून राहतात आणि पावसाचं पाणी साचलं की त्यातून अळ्या निघतात. डेंगीचा डास तो हाच. तेव्हा हौद घासून उपडा घाला. तुमच्या सगळ्या भेटीत कुणाच्या उपयोगी पडेल असं काम एवढंच.

काउंटरचा खण मालकाच्या परवानगीनं उघडा. त्यात सहसा विटलेल्या खाद्याच्या पुड्या, रबर वाळलेला एअर पंप, पाण्यात न बुडवता चालू केल्यामुळे तडकलेला हीटर आणि कागदांचा एक गठ्ठा मिळतो. गठ्ठ्यात 2017 सालचं वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर जरूर वाचा. त्या वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारनं मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले होते. 158 जातींच्या विक्रीवर बंदी, गोल काचेच्या भांड्यात मासा ठेवायलाही बंदी. दुकानदार यादीतली लॅटिन नावं लावत बसले, तेवढ्यात सरकारनं नियमच मागं घेतले. भिंतीवर कपाळाला टेंगूळ असलेल्या फ्लॉवरहॉर्नचा फोटो हमखास असतो. टेंगूळ जेवढं मोठं तेवढी घराची भरभराट, अशी ख्याती सांगून हा मासा विकला जायचा. मग अण्णांची भरभराट का झाली नाही, हे विचारू नका. फारच खिन्न दिसले तर मुंबईचं उदाहरण द्या: मरीन ड्राइव्हवर 1951 साली उघडलेलं तारापोरवाला मत्स्यालय 2015 मध्ये एवढा खर्च करून नवं केलं, तेही बंद झालं. अण्णांना बरं वाटेल.

एव्हाना तुमची निराशा झाली असेल, कारण दुकानात बघण्यासारखं फारसं उरलेलं नाही. ते साहजिक आहे. माशांचं दुकान बंद पडतं तेव्हा त्याचा माल आत राहत नाही, तो गावभर पसरलेला असतो आणि त्याची भेट बाहेरच घ्यावी लागते. दुकानात बोटाएवढा असताना "काच साफ करतो" म्हणून विकलेला सकर घ्या. दक्षिण अमेरिकेतला हा मासा फूटभराच्या वर जातो, टाकीत मावेनासा होतो, आणि मग दयाळू कुटुंब त्याला पिशवीतून नदीवर नेतं. त्याच्या अंगावर खवल्यांऐवजी चिलखत आणि परांना काटे. भीमेवर उजनीत तो कोळ्यांच्या जाळ्यात येतो तेव्हा जाळं फाटतं आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. जलपर्णीही मूळची तिकडचीच, जांभळ्या फुलांसाठी बागेतल्या हौदांत शोभेला आणलेली. कृष्णा-पंचगंगेच्या पात्रात आता ती कुणीही न लावता उगवते आणि काढायला मात्र यंत्रं लागतात. या दुकानाचं सगळ्यात मोठं दालन असं नदीत आहे, चोवीस तास उघडं, आणि तिथं गमबूट पुरत नाहीत.

बाहेर पडताना अण्णा दारातच उभे असतील. "मग कुठली नेताय?" टाकी घ्यायची होती हे तुम्हीच म्हणाला होतात. घासाघीस करा, पण एक तरी टाकी घ्यावी लागणार हे धरून चला. उचलताना वरच्या काठाला धरू नका, तळाला हात घाला. घरी नेल्यावर थेट टीव्हीशेजारी ठेवू नका. अंगणात सपाट फळीवर, खाली थर्माकोल घालून, काठोकाठ भरून तीन दिवस राहू द्या. जुनं सिलिकॉन वाळून काचेची कड सोडतं आणि हे पहिल्या तासात कळतंच असं नाही. गळली तर परत करायला जाऊ नका. अण्णांनी पैसे काचेचे घेतले होते, पाण्याबद्दल ते काही बोलले नव्हते.

गळली नाही तर मासे विकत घेऊ नका. सरकारी आरोग्य केंद्रात डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी पाळतात आणि मागितले तर फुकट देतात. डबा रुंद तोंडाचा न्या आणि झाकणाला भोकं पाडून ठेवा. वर्षभरात त्यांची पिल्लं आवरेनाशी होतील. शेजाऱ्यांच्या टाकीत द्या, सोसायटीच्या कारंज्यात द्या, पण माहुलीच्या घाटावरून नदीत सोडू नका. खाली सांगलीकर कोयनेचा हिशेब ठेवूनच दमलेत.