वीस खड्डे, चोवीस खड्डे

"वन बेल्जियन वॉफल," साडूंनी काउंटरवरच्या मुलीला ऐटीत सांगितलं.

"ब्रुसेल्स की लिएज?" तिनं विचारलं.

साडू माझ्याकडे वळले. "आपण उतरलोय ते ब्रुसेल्सच ना हो?"

होतो आम्ही ब्रुसेल्सलाच, मानेकेन पिस नावाच्या त्या शू करणाऱ्या ब्राँझच्या पोराच्या गल्लीत. पुतळा जेमतेम दोन फुटी. एवढ्या लांबून आलेला माणूस त्याच्यासमोर उभा राहून आधी 'पुतळा कुठाय?' असंच विचारतो. आजूबाजूच्या दुकानांत मात्र वॉफलवर क्रीम, स्ट्रॉबेरी, केळं आणि चॉकलेटचे असे मजले चढवलेले, की खाली वॉफल आहे यावर श्रद्धाच ठेवावी लागते. हे सगळं आपल्यासारख्या पाहुण्यांसाठी. अस्सल ब्रुसेल्सकराच्या लेखी वर पिठीसाखर भुरभुरली की विषय संपला.

आमचे साडू निवृत्त अभियंते. दिसेल ते मोजतात. दोन्ही वॉफल पुढ्यात घेऊन त्यांनी निकाल दिला, "हा ब्रुसेल्सचा. चार बाय पाच, वीस खड्डे, कोपरे काटकोनात. हा लिएजचा. चार बाय सहा, चोवीस, पण कडा वेड्यावाकड्या." खड्डे मोजायचा सराव त्यांना आमच्या गावच्या रस्त्यांवर भरपूर झालेला आहे. इथले सगळे खड्डे एकाच खोलीचे निघाले, याचंच त्यांना अप्रूप.

पण खरा फरक खड्ड्यांत नाही, पिठात आहे. ब्रुसेल्सच्या वॉफलचं पीठ सरसरीत. त्यात यीस्ट आणि फेटून फुगवलेला अंड्याचा पांढरा भाग, म्हणून तो बाहेरून कुरकुरीत आणि आतून अगदी हलका. तो बशीत घेऊन काट्या-सुरीनं खायचा. लिएजच्या वॉफलला मैदा, लोणी, अंडी आणि यीस्ट यांचा घट्ट गोळा लागतो, आणि त्यात साबुदाण्याएवढे साखरेचे टणक पांढरे खडे. तापल्या साच्यात बाहेरच्या बाजूचे खडे वितळून त्यांचं कॅरमल होतं, आतले दाताखाली कचकन येतात. हा कागदात धरून चालता चालता खातात. एकाला टेबल लागतं, दुसऱ्याला रुमाल.

"अहो, अंडं आहे का विचारा आधी. आज गुरुवार आहे," मेहुणीबाई म्हणाल्या.

दोन्हींत होतं. त्या तडक शेजारच्या फ्राइजच्या दुकानाकडे वळल्या. तेवढ्यात साडूंनी हातातल्या माहितीपत्रकातून मोठ्यानं वाचून दाखवलं, की इथल्या परंपरेप्रमाणे फ्राइज गाईबैलांच्या चरबीत तळतात. तो गुरुवार सफरचंदांवर निभावला. साडूंशी त्या शुक्रवारी दुपारी बोलल्या.

शुक्रवारी आम्ही गेंटला निघालो. आगगाडीनं अर्ध्या तासाचा रस्ता. ब्रुसेल्सच्या हद्दीत फ्रेंच आणि डच अशा दोन्ही भाषांत सूचना होतात, हद्द ओलांडली की फ्रेंच गायब. साडूंनी पाठ केलेलं फ्रेंच गेंटच्या वेटरवर चालवून पाहिलं. त्यानं अतिशय नम्रपणे इंग्रजीत उत्तर दिलं. सीमाप्रश्न म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. साडूंनी पुढची ऑर्डर बोटानं दाखवून दिली.

गेंटला कळलं, की ब्रुसेल्सच्या वॉफलचं मूळ गेंटचंच सांगतात. 1839च्या सुमारास तिथं तो करणाऱ्या फ्लोरियान डाशेर या बेकरला त्याचं श्रेय देतात, आणि हे गृहस्थ मूळचे स्वित्झर्लंडचे. साडूंना हा हिशोब पटेना. त्यांना मी अमेरिकेची गोष्ट सांगितली नाही, नाहीतर रात्रभर झोपले नसते. 1964च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मॉरिस फेर्मेर्श यांनी हाच वॉफल क्रीम आणि स्ट्रॉबेरी घालून विकला. ब्रुसेल्स कुठल्या देशात आहे हे तिथल्या गिऱ्हाइकाला कळेना, म्हणून त्यांनी नावात बेल्जियम घातलं. आपण 'बेल्जियन वॉफल' म्हणून जो मागतो, तो हा.

लिएज शहरात गेल्यावर आधी सांतियागो कालात्राव्हा या वास्तुविशारदानं आखलेलं काचेचं आणि पोलादाचं स्टेशन बघावं. साडूंनी कमानी मोजायला घेतल्यावर आम्ही बाकीचे वॉफल शोधायला निघालो. इथली दंतकथा अशी, की अठराव्या शतकात इथं राज्य करणाऱ्या धर्मगुरू-राजानं काहीतरी गोड मागितलं आणि त्याच्या आचाऱ्यानं पिठात साखरेचे खडे घातले. पुरावा कुणी मागत नाही. वॉफल गरम असला की पुराव्याची निकड वाटतही नाही. ऑक्टोबरात इथं मोठी जत्रा भरते, तेव्हा लाकमां नावाचा पातळ वॉफल मधोमध चिरून पाकात भिजवलेला मिळतो. जिलबीवर वाढलेल्या माणसानं तेव्हाच जावं. माझं मत एकूण लिएजच्या बाजूनं. ब्रुसेल्सचा वॉफल सभ्य आहे, एवढंच त्याच्याबद्दल बोलता येईल.

आता घरी करायचा म्हटला तर लिएजचा करा. अर्धा किलो मैद्याला पाव किलो लोणी, दोन अंडी, कपभर कोमट दूध, दोन चमचे सुकं यीस्ट आणि चिमूटभर मीठ. मळून तासभर फुगू द्या, आणि साखरेचे पाव किलो खडे त्यानंतरच घाला. आधी घातले तर ते पिठातच विरघळतात. आमच्या सासूबाईंनी देवळातली खडीसाखर सुचवली होती. ती अशी वितळत नाही, उलट दातच मागते. त्यापेक्षा चहाचे शुगर क्यूब जाडसर फोडा आणि भुगा चाळून टाका. लिंबाएवढे गोळे करून खोल खड्ड्यांच्या साच्यात भाजा. साच्याला लागलेली साखर तो गरम असतानाच, बटण बंद करून, ओल्या फडक्यानं जपून पुसा. गार झाल्यावर ती छिन्नीलाच दाद देते. आणि हट्टानं ब्रुसेल्सचाच करणार असाल, तर पाहुणे आधी टेबलाशी बसवा आणि मगच पीठ ओता. तो थोड्याच वेळात मऊ पडतो.