बस आली, वेळ कुठाय?

आमच्या काकांचा बसवर विश्वास नाही, वेळापत्रकावर आहे. स्टँडच्या भिंतीवर रंगाचे पोपडे उडालेल्या फळ्यावर '१३.१०' एवढं वाचता आलं की त्यांच्या जिवात जीव येतो. मग गाडी पावणेतीनला का येईना, ती '१३.१०ची'च. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एस.टी. सुटली ती सकाळी आठ वाजता, हे काका असं सांगतात की जणू डबल बेल यांनीच मारली. त्या वेळी त्यांचा जन्मही झालेला नव्हता.

अशा माणसाला उणकलला न्यायचं म्हणजे जोखीम होती. पण काकूंची मावसबहीण, म्हणजे आमच्या मावशी, तिथे राहते, आणि बहिणीला भेटायचं काकूंनी ठरवलं की त्यात काकांचं मत वगैरे विचारात घ्यायची पद्धत आमच्याकडे नाही.

उणकल हे हुबळीचं उपनगर. हुबळी आणि धारवाड ही जुळी शहरं, मध्ये वीसेक किलोमीटरचा रस्ता, आणि त्या रस्त्याच्या बरोबर मधून खास राखलेल्या मार्गिकेतून 'चिगरी' नावाची वातानुकूलित बस पळते. कन्नडमध्ये चिगरी म्हणजे हरीण. तिची चाचणी ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडूंच्या हस्ते रीतसर उद्घाटन झालं २ फेब्रुवारी २०२० ला. हे ऐकूनच काकांच्या कपाळावर आठी आली. "म्हणजे गाडी आधी धावली आणि सव्वा वर्षाने सुटली? वेळेचं इथेच बिनसलंय."

शिवाय काका पुण्याचे. देशातला असल्या बसमार्गाचा पहिला प्रयोग २००६ साली कात्रज–स्वारगेट–हडपसर रस्त्यावर झाला, त्यामुळे जगातल्या कुठल्याही बीआरटीकडे ते थोरल्या जावेच्या नजरेने बघतात. उणकलच्या थांब्यावर त्यांनी मार्गिका दोन्ही बाजूंनी न्याहाळली आणि मला हळूच विचारलं, "हिच्यात नुसत्या बसच कशा रे? बाकीचे कुठून जातात?"

थांबा रस्त्याच्या मधोमध. तिकीट दाखवायचं, फाटक उघडायचं, आत जायचं. आत शिरल्याबरोबर काकांनी भिंती तपासायला घेतल्या. मार्गाचा नकाशा सापडला, थांब्यांची नावं सापडली, '१३.१०' कुठे सापडेना. शेवटी त्यांनी दारावरच्या माणसाला गाठलं.

"धारवाडची गाडी किती वाजता?"

"येतंय की हो."

"येतंय, पण किती वाजता?"

"टाइम कशाला री? एक गेलं की एक येतंय. ईग बंत नोड्री!"

आणि खरंच आली. सरकते दरवाजे उघडले, गार हवेचा झोत अंगावर आला. काका जागचे हलले नाहीत.

"अहो, चला!" काकू आतून ओरडल्या.

"ही लवकर आलीय की उशिरा, ते कळल्याशिवाय मी चढणार नाही."

काकूंनी चाळीस वर्षांच्या अनुभवाने अर्ध्या सेकंदात निर्णय घेतला. मला दंडाला धरून आत ओढलं, दरवाजे लागले, आणि काचेपलीकडे काका अजून त्या माणसाला समजावत होते की १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता, तेव्हा वेळापत्रक मागायचा आमचा हक्कच आहे.

बसमध्ये वेगळीच परीक्षा. थांबे मधोमध, म्हणून दरवाजे उघडतात उजवीकडे. उतरायचं म्हटलं की काकूंचे पाय जन्माच्या सवयीने डावीकडे वळायचे. आदल्या दिवशी आम्ही उणकलचं चंद्रमौळेश्वर मंदिर पाहिलं होतं. चालुक्यांच्या वळणाचं, काळ्या दगडाचं, गाभाऱ्याला चारही दिशांना दारं. "त्यांचं बरं होतं," काकू म्हणाल्या, "कुठल्याही बाजूनं निघा."

धारवाडला लाइन बझारमध्ये पेढे घेतले. त्यावर जास्त लिहीत नाही, पुडा घरी पोचेपर्यंत अर्धा झाला एवढंच.

येताना गोंधळ झाला तो मावशींच्या पत्त्याचा. "उणकलला उतरा," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. पण उणकलं तीन: तलावाचं, क्रॉसचं आणि नुसतं. त्यात १०० नंबरची गाडी सगळीकडे थांबते, २०० नंबरची मोजक्याच ठिकाणी. शेजारच्या बाईंना विचारलं तर त्यांनी सबंध रांगेला कन्नडमध्ये चर्चेला घातलं. दोन मतं तलावाला पडली, एक क्रॉसला. एक आजोबा म्हणाले, आधी मावशींचं आडनाव सांगा. बहुमताने आम्ही तलावाला उतरलो. पाण्याच्या मधोमध विवेकानंद उभे होते आणि मावशींचं घर तिथून चांगलं लांब होतं.

चालत आलो तो काका कडेच्या चहाच्या गाड्यावर. पुढ्यात गिरमिटाची कागदी पुडी, हातात डायरी, कानाला पेन. समोरून साधी सिटी बस गेली. तिच्या पाटीवर कन्नड आकडे, आणि कन्नडमधला एक म्हणजे खालून उघडं राहिलेलं शून्यच.

"शून्य-शून्य-शून्य नंबरची गाडी," काका हताशपणे म्हणाले. "हिला काय वेळ असणार!"

पण डायरीत काम झालं होतं. धारवाडकडे जाणाऱ्या प्रत्येक चिगरीची वेळ ठळक अक्षरांत, खाली रेघ मारून. कॉलेजची दोन पोरं मागे उभी राहून वाचत होती. एकाने विचारलं, "फोटो काढू का काका?" काकांनी उदारपणे पान सरळ धरलं.

रात्री जेवणं झाल्यावर मावशींच्या फोनवर अपार्टमेंटच्या ग्रुपमधला एक निरोप आला. टाइप केलेला, वर बसचं चित्र: 'उणकल चिगरी टायमिंग. ऑफिशियल. सगळ्यांना पाठवा.'

काकांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग फोन माझ्या नाकासमोर धरला.

"बघ! होतं की नाही वेळापत्रक? लपवून ठेवतात लेकाचे."

"काका, अहो, ११.०९ च्या पुढे 'चहा फार गोड' असं लिहिलंय."

"मग?" काका म्हणाले. "चहापाण्याचा थांबासुद्धा दिलाय. याला म्हणतात शिस्त."