हिरव्या ठिपक्याचा मालक कोण?

‘ऑनलाइन दिसत होतास, मग फोन का नाही उचललास?’ हा प्रश्न आज घरात बायको विचारते, ऑफिसात साहेब विचारतो, भिशीच्या ग्रुपवर मैत्रीण विचारते आणि रात्री साडेअकराला क्लायंटही विचारतो. विचारणाऱ्याच्या आवाजात पुरावा हाती लागल्याचा जोर असतो. समोरचा लगेच सारवासारव करायला लागतो. फोन चार्जिंगला होता, मुलाच्या हातात होता, रेंज नव्हती. एका ठिपक्यापायी चांगली सरळ माणसं रोज खोटं बोलू लागली आहेत.

माझं म्हणणं साधं आहे. मी हजर आहे की नाही, कुणासाठी आहे आणि कशासाठी आहे, हे सांगण्याचा अधिकार माझा आहे. हे मी पदरचं सांगत नाही. इंटरनेटवरून फोन करण्याची आणि ‘ऑनलाइन’ दिसण्याची सोय ज्या तज्ज्ञांनी उभी केली, त्यांनी हे नियमात लिहून ठेवलं होतं. आपल्या हातात ॲप आलं, नियम मात्र वाटेतच गायब झाला.

आधी फोनचं बघू. १९७४ साली अमेरिकेत आर्पानेट या संगणकांच्या जाळ्यावरून आवाजाचे तुकडे पाठवण्याचे पहिले प्रयोग झाले. डॅनी कोहेन हे त्यातलं मोठं नाव. १९९५ मध्ये इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने ‘इंटरनेट फोन’ बाजारात आणला. १९९६ मध्ये हेनिंग शुल्त्सरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवाज वाहून नेण्याची पद्धत लिहिली, तिचं नाव आरटीपी. १९९९ मध्ये कॉल जोडण्याची आणि तोडण्याची पद्धत आली, ती सिप. २००२ मध्ये ती सुधारून पक्की झाली. आज कॉल सेंटरपासून मोबाइलच्या व्होएलटीईपर्यंत तिच्यावर काम चालतं. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी मिळाली, आणि परदेशातल्या मुलाशी बोलताना बूथच्या मीटरवर नजर ठेवायचे दिवस हळूहळू सरले.

ऑफिसातल्या आयपी फोनवरून शेजारच्या विभागात कॉल लावला की काय होतं? तुमच्या फोनकडून विनंती जाते. पलीकडून १८० हा क्रमांक येतो, म्हणजे घंटा वाजते आहे. उचलला तर २००. माणूस दुसऱ्या कॉलवर असेल तर ४८६. सध्या उपलब्ध नसेल तर ४८०. बोलायचं नसेल तर ६०३. त्यानंतर आवाज बहुधा वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे होऊन, सेकंदाला पन्नास पाकिटांच्या वेगाने जातो. या क्रमांकांकडे नीट पाहा. ‘नाही’ म्हणणं ही इथे फोनची चूक मानलेली नाही आणि माणसाची तर नाहीच. नकार हे होकाराइतकंच रीतसर उत्तर आहे.

आता ठिपका. १९९६ मध्ये आयसीक्यू आलं आणि मित्रांच्या यादीत कोण ऑनलाइन आहे ते जगाला दिसू लागलं. धोका कुठे आहे, हे जाणकारांनी लगेच ओळखलं. २००० च्या फेब्रुवारीत इंटरनेटच्या अभियंत्यांनी दोन दस्तऐवज काढले, आरएफसी २७७८ आणि २७७९. पहिल्यात हजेरी दाखवण्याच्या व्यवस्थेचा आराखडा आहे, दुसऱ्यात तिने काय पाळलंच पाहिजे त्याची यादी. माझी हजेरी कोण पाहू शकेल ते मी ठरवणार, आणि कुणाला किती दिसेल तेही मीच ठरवणार. आईला एक दिसेल, साहेबाला दुसरं. हे सगळं सक्तीच्या भाषेत लिहिलेलं आहे.

जेरेमी मिलर यांनी १९९९ मध्ये पुढे आणलेल्या जॅबरमध्येही हेच होतं. कुणाला माझी हजेरी पाहायची असेल तर आधी मला विचारणा यायची, मी हो म्हटलं तरच ती दिसायची. जोनाथन रोझेनबर्ग यांनी २००४ मध्ये याच्या पुढची पायरी लिहिली. माझ्यावर कोण नजर ठेवून आहे, ते मला कळण्याची सोय त्यांनी नियमात आणली. २००७ मध्ये त्यांनी परवानगीची उत्तरंही ठरवून दिली. पाहू दे, पाहू देऊ नको, आधी मला विचार, आणि चौथं म्हणजे समोरच्याचं मन न दुखवता नाही म्हण. या चौथ्यात त्याला मी नुसता ऑफलाइन दिसतो. नात्यागोत्यात वावरणाऱ्या आपल्या समाजाला तर हे चौथं उत्तर सोन्याहून मोलाचं आहे.

२००६ चा आरएफसी ४४८० तर प्रत्येक ॲप कंपनीच्या भिंतीवर लावायला हवा. रोझेनबर्ग आणि शुल्त्सरिन हे दोघंही त्याच्या लेखकांत आहेत. माणूस नुसता ‘आहे’ किंवा ‘नाही’ नसतो, हे त्यात मान्य केलं आहे. तो जेवत असतो, झोपलेला असतो, गाडी चालवत असतो, बैठकीत, पूजेत, खरेदीत किंवा प्रवासात असतो. कामाच्या शोधातही असतो. त्या प्रत्येकासाठी वेगळी खूण आहे. भोवती गोंगाट आहे का, अंधार आहे का, एवढंच नव्हे तर शेजारच्याला माझं बोलणं ऐकू जाईल का, हेही सांगता येतं. डोंबिवली लोकलमध्ये दाटीवाटीत उभ्या असलेल्या माणसाला डॉक्टरांकडून रिपोर्टबद्दल फोन येतो तेव्हा त्याला नेमकं एवढंच सांगायचं असतं: आता बोलू नका, लिहून पाठवा. वीस वर्षांपूर्वी याची सोय विचारपूर्वक मांडून ठेवली होती. आपल्या हाती आला तो एक ठिपका.

असं का झालं? या खुणांची मागणी कुणी केली नाही, आणि कंपन्यांना माणूस सतत ॲपवर हवा होता. समोरचा ऑनलाइन दिसला की आपण थांबतो, वाट पाहतो, पुन्हा उघडून बघतो. व्हॉट्सॲपची कथा यात बोलकी आहे. २००९ मध्ये ते सुरू झालं ते स्टेटससाठी. जिममध्ये आहे, बॅटरी संपत आलीय, असं माणूस आपल्या हाताने लिहायचा. पुढे ते निरोपांचं ॲप झालं आणि माणसाबद्दल यंत्रच बोलू लागलं, ‘ऑनलाइन’ आणि ‘लास्ट सीन’. २०१४ मध्ये निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. ‘ऑनलाइन’ लपवायची सोय यायला २०२२ उजाडलं. तोवर ज्याच्याकडे नंबर, त्याला तुमच्या उठण्या-झोपण्याच्या वेळा टिपता येत होत्या. नेदरलँड्समधल्या एका तरुण प्रोग्रॅमरने २०१५ मध्ये हे करूनही दाखवलं. परवानगी ही दाराची कडी आहे, ती आतून लावायची असते. इथे ती बाहेरच्या अंगाला ठोकली.

ऑफिसात तर कळस झाला. टीम्स या ऑफिसच्या ॲपवर पाच मिनिटं हालचाल नसेल तर हिरवा ठिपका पिवळा होतो. हिंजवडीतल्या एका कंपनीत काम करणारी माझी भाची घरून काम असताना दुपारी जेवायला बसते, तेव्हा लॅपटॉप ताटाला खेटून असतो. उजव्या हाताने वरणभात कालवायचा, दोन घासांमध्ये डाव्या हाताच्या बोटाने टचपॅड घासायचा. काम तिने सकाळीच उरकलेलं असतं. ठिपका सांभाळायचं काम मात्र दिवसभर उरतं. अमेरिकेत २०२४ मध्ये वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा देखावा केला म्हणून डझनाहून जास्त लोकांना काढलं. फसवणूक झाली हे खरंच. पण कामाऐवजी हालचाल मोजली की लोक हालचाल पुरवतात, हे व्यवस्थापनाला कळायला हवं. कागदावर आकडेमोड करणारा, फोनवर ग्राहकाची समजूत काढणारा, डोळे मिटून विचार करणारा, हे सगळे या मापात गैरहजर ठरतात.

‘पण आम्ही काळजीपोटी पाहतो,’ असं आईवडील म्हणतात, आणि ते खरं आहे. न्यू जर्सीतल्या मुलाचं ‘लास्ट सीन’ पाहून कोथरूडमध्ये एखादी आई निश्चिंत झोपते. तिचा तो दिलासा कुणी हिरावून घेऊ नये. म्हणूनच कुणाला काय दिसावं हे मुलाच्या हाती हवं. मग तो आईसाठी दार उघडं ठेवेल आणि बाकीच्यांसाठी लावून घेईल.

तेव्हा मागण्या स्पष्ट करू. ॲप कंपन्यांनी ‘ऑनलाइन’ आणि ‘लास्ट सीन’ मुळातच बंद ठेवावं, ज्याला हवं तो चालू करील. आज स्वतःचं ‘लास्ट सीन’ लपवलं की दुसऱ्याचं दिसत नाही, ही अडवणूक थांबावी. माझ्या हजेरीवर कोण डोळा ठेवून आहे, ते मला कळावं. मालकांनी ठिपक्यावरून पगार, बढती आणि शेरे ठरवणं बंद करावं. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कातून मोकळं राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. खासगी विधेयकं सहसा मांडण्यापलीकडे जात नाहीत, म्हणून हा विषय सरकारने स्वतः हाती घ्यावा.

उरलो आपण. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जा, ‘लास्ट सीन’ कुणाला दाखवायचं ते नावानिशी ठरवा आणि ‘ऑनलाइन’ त्याच्याशी जोडून टाका. दोन मिनिटांचं काम आहे. त्याहून अवघड काम दुसरं आहे. पुढच्या वेळी कुणी ऑनलाइन दिसूनही उत्तर देणार नाही, तेव्हा त्याला जाब विचारायचा नाही. आयसीक्यू २०२४ मध्ये बंद झालं, स्काइप २०२५ मध्ये. आजची ॲप्सही कधीतरी जातील आणि नवी येतील. तीही आपल्या मागणीप्रमाणेच घडतील, तेव्हा मागताना ठिपका मागू नका, त्याची मालकी मागा.