भित्र्या कुत्र्याचा लढाऊ मालक

चेन्नईत तिरुवान्मियूरला आमच्या वरच्या मजल्यावर एक क्रांतिकारक राहतो. मूळचा पुण्याचा. वडील राष्ट्र सेवादलातले, त्यामुळे हा नीट बोलायला लागायच्या आधीच भाषण करायला शिकला. त्याच्याबरोबर मदुराईचा एक मितभाषी गृहस्थ राहतो आणि मोत्या नावाचा कुत्रा. मी पहिल्याला कॉम्रेड म्हणते, दुसऱ्याला मदुराईकर. मोत्याला मात्र हाक मारायची नाही, हळूच पुटपुटायचं. मोठ्याने 'मोत्या' म्हटलं की तो स्वतःच्याच नावाला घाबरून कपाटामागे जातो. आणि हो, कॉम्रेडला मोत्याचा मालक म्हटलेलं चालत नाही. मालकी आली की शोषण आलं.

कुत्रा पाळायचं ठरलं तेव्हा मदुराईकराने राजपाळयम जातीचं नाव काढलं होतं. पांढराशुभ्र, उंचापुरा, त्याच्या मुलखातला. कॉम्रेडने साफ नकार दिला. नायक राजे-जमीनदारांच्या शिकारीवरचं कुत्रं, म्हणजे सरंजामशाहीचा वारसा. तो घरात नको. मग रस्त्यावरचं एक पिल्लू उचलून आणलं. निराधार, शोषित, कुठलीही वंशावळ नसलेलं. ते मोठं झाल्यावर सत्तेवर गुरगुरेल अशी अपेक्षा होती. ते कुकरच्या शिट्टीला थरथरतं. कॉम्रेडच्या घरी गेली कित्येक वर्षं वरण उघड्या पातेल्यात शिजतं.

घर शोधताना एजंटांनी या दोघांना निम्मं शहर हिंडवलं. 'मांसाहार?' हो. 'कुत्रा?' हो. संपलं. दोन पुरुष एकत्र का राहणार, हे एकानेही विचारलं नाही. कॉम्रेड या प्रश्नाची तयारी करून गेलेला असायचा: 6 सप्टेंबर 2018, सर्वोच्च न्यायालय, कलम 377, खाजगीपणाचा अधिकार. ते भाषण एकदाही वापरायला मिळालं नाही, याचं त्याला आजही वाईट वाटतं. शेवटी आमच्या आच्चीने जागा दिली. आच्ची घरमालकीण, कारैकुडीची, चेट्टिनाड कोंबडी रांधणारी. तिने एकच विचारलं: 'भुंकतो का?' मोत्या तेव्हा मदुराईकराच्या काखेत तोंड खुपसून बसला होता.

खरी पंचाईत पुढे आहे. कॉम्रेडला प्रिय असलेली प्रत्येक गोष्ट आवाज करते.

पऱै घ्या. हे दलितांचं वाद्य एके काळी अंत्ययात्रेपुरतं ठेवलेलं, आज आत्मसन्मानाचं प्रतीक म्हणून व्यासपीठावर दिमाखात वाजतं. कॉम्रेड त्यावर अर्धा तास बोलू शकतो, आणि चांगलं बोलतो. फुल्यांचा 1873 चा सत्यशोधक समाज, पेरियारांची स्वाभिमान चळवळ, सगळं ओवून आणतो. पण गल्लीतून चेन्नईच्या रिवाजाप्रमाणे फुलं उधळत, फटाके लावत अंत्ययात्रा निघाली आणि पऱैचा पहिला ठोका पडला की वर धावपळ होते. खिडक्या धडाधड बंद. पंखा पूर्ण वेगात. स्नानघरात बादलीचा नळ सोडलेला, मोत्या कोपऱ्यात, आणि कॉम्रेड त्याला पोटाशी धरून कुजबुजतोय, 'अरे, हा मुक्तीचा आवाज आहे, घाबरू नकोस.' मुक्तीचा आवाज कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघेही बाहेर येत नाहीत.

वेपेरीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात (1903 चं, या देशातल्या जुन्यांपैकी) मोत्याला दाखवून झालं. औषध मिळालं, शिवाय कुणीतरी सुचवलं की अंगाभोवती कापड घट्ट गुंडाळा, धीर येतो. मदुराईकराच्या वडिलांची जुनी वेष्टी कामी आली. वडील जन्मभर द्रमुकचे, त्यामुळे वेष्टीला काळा-लाल काठ. ती गुंडाळली की मोत्या तालुका सचिव दिसतो. 4 जून 2024 ला लोकसभेचा निकाल लागला. तामिळनाडूच्या 39 पैकी 39 जागा द्रमुक आघाडीला. कॉम्रेडच्या डोळ्यांत आनंदाश्रू. रस्त्यावर कार्यकर्त्यांनी फटाक्यांची माळ लावली, आणि पक्षाच्या काठाची वेष्टी नेसलेला मोत्या पक्षाच्या विजयाला भिऊन पलंगाखाली. संध्याकाळपर्यंत कॉम्रेडही तिथेच आडवा होता. विजयाची भाषणं त्याने पलंगाखालून ऐकली.

जूनच्या प्राईड मोर्चाला मोत्याला एकदाच नेलं होतं, गळ्यात इंद्रधनुषी रुमाल बांधून. ढोल सुरू होताच तो एका अनोळखी रिक्षात चढला आणि उतरेना. तेव्हापासून एकाने मोर्चाला जायचं आणि एकाने मोत्यापाशी बसायचं, असा करार आहे. मदुराईकराला घोषणांपेक्षा घर आवडतं, म्हणून दरवर्षी कॉम्रेडच जातो. 'आम्ही दिसलो पाहिजे' असा फलक घेऊन हा एकटाच दिसतो. चळवळीतल्या काही तरुणांना आता दाट संशय आहे की मदुराईकर अस्तित्वातच नाही. एकाने तर फार हळुवारपणे विचारलं, 'तुम्ही कुणाला भेटता का हल्ली?'

आईला सांगण्याची गोष्टही अशीच. बिंदुमाधव खिरे यांची समलिंगी तरुणावरची 'पार्टनर' ही कादंबरी तिला पाठवायची, मग बोलायचं, असा बेत होता. पार्सल निघायच्या आधी फोनवर त्याने चाचपून पाहिलं, 'आई, 'पार्टनर' वाचलंयस?' आई म्हणाली, 'अरे, कितीदा! पाठ आहे मला.' याचा कंठ दाटून आला. आठवडाभर तो भेटेल त्याला सांगत होता की माझी आई काळाच्या पुढे आहे. आई चेन्नईला आल्यावर उलगडा झाला की ते वपुंचं 'पार्टनर'. पण तोवर उशीर झाला होता. मदुराईकराला मराठी येत नाही, तिला तमिळ येत नाही; ती त्याला वाढत होती आणि तो खात होता. मोत्या तिच्या पायाशी शांत झोपला होता. त्या घरात हळू बोलणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं.

कायद्याचा विषय कॉम्रेडपुढे काढू नये. लग्नाच्या हक्काला सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 ला नकार दिला, तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही (तिसऱ्या दिवशी बिर्याणी होती). मद्रास उच्च न्यायालयावर मात्र त्याचा जीव. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश 2021 साली या विषयातलं आपलं अज्ञान कबूल करून स्वतः मानसशास्त्रज्ञापुढे बसले, हे तो भाजीवाल्यालाही सांगतो. 1967 साली अण्णादुराई सरकारने भटजीविना लागलेलं स्वाभिमान-लग्न कायदेशीर केलं, तेही सांगतो. 'भटजी वगळायला एक कायदा लागला, ताई. वधू वगळायला अजून एक लागेल, इतकंच.' त्याच न्यायमूर्तींनी नोव्हेंबर 2023 मध्ये अशा जोडप्यांसाठी कौटुंबिक सहबंधाचा करारनामा असावा असं सुचवलं, आणि सरकारची वाट न बघता कॉम्रेडने आपला मसुदा लिहून काढला. मला वाचायला दिला होता. पैशाअडक्याला एक परिच्छेद. आजारपणात सह्या कोण करणार, त्याला एक. उरलेली चार पानं मोत्या. फटाक्यांच्या वेळी स्नानघरात कोणी बसायचं, त्यालाच उपकलमं होती. मदुराईकराने एकच दुरुस्ती सुचवली: भांडी कोण घासणार ते लिही. ती अजून विचाराधीन आहे.

या दिवाळीला प्रश्न पेटला. राज्यात फटाक्यांना सकाळी सहा ते सात आणि संध्याकाळी सात ते आठ, एवढीच सरकारी मुभा. मोत्या सरकारी वेळापत्रक मानत नाही, आणि गल्लीतली पोरंही मानत नाहीत. कॉम्रेडला फटाक्यांविरुद्ध मोहीम काढायची होती, पण मग शिवकाशीच्या कामगारांच्या पोटाचं काय? तीन दिवस तो या द्वंद्वात फेऱ्या मारत होता. मदुराईकराने तोवर गाडीत हवा भरून आणली. त्याला ठाऊक होतं: शिवगंगै जिल्ह्यात वेट्टंगुडी पक्षी अभयारण्याला लागून कोल्लुकुडिपट्टी गाव आहे, पक्षी बिचकतात म्हणून तिथले लोक दिवाळीत फटाकेच लावत नाहीत.

कॉम्रेड हर्षभरित होऊन खाली आला. ग्रामीण सामूहिकता, परिसरनिष्ठ समाजवाद, पक्ष्यांचे नागरी हक्क, असं त्याचं जिन्यातच सुरू झालं. आच्ची मुरुक्कूचा डबा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'तिथून कारैकुडी किती लांब?'

'जवळच आहे, आच्ची.'

'मग मी पुढे बसेन. कुत्र्याला मागे तुमच्या दोघांच्या मध्ये बसवा.'

'मग गाडी कोण चालवणार?' मदुराईकराने विचारलं. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं वाक्य होतं.